मामा उठून बसले त्याची गोष्ट

आमच्या शेजारचे मामा एकदा मेले होते आणि शवागाराच्या दारातून परत आले, असं कोपऱ्यावरची भाजीवाली अजूनही शपथेवर सांगते. परत आल्यापासून त्यांना भूक लागत नाही, आरशात त्यांचं तोंड दिसत नाही आणि मांजरं त्यांना बघून रस्ता बदलतात, हेही ती गिऱ्हाइकाला वर फुकट देते.

तेव्हा आधी हे निस्तरते. मामांना भूक दणकून लागते. आमची आणि त्यांची भिंत एकच आहे, ताटलीवरचा चमचा मला इकडे ऐकू येतो. आरशात त्यांचं तोंड चांगलं दिसतं, मिशा कातरताना ते तिथून हलत नाहीत आणि मामी बाहेर दार बडवत उभ्या असतात. मांजरांचं म्हणाल तर जन्मभराचा फिनेलचा वास आहे अंगाला, जिन्यात समोर आले तर मीसुद्धा नाक फिरवते. आणि मेलेबिले ते कधीच नव्हते. झोपले होते. सरकारी दवाखान्यात, कामाच्या वेळेत, तोंड उघडं टाकून. गोष्ट एवढीच. पण अख्ख्या देशाने ती उलटी करून अंगात घातली, आणि एका बाईचा जीव तिच्यात अडकला तो अजून सुटलेला नाही. म्हणून सुलट करून सांगते.

मामा तसे कुणाचेच मामा नाहीत. दवाखान्यात स्ट्रेचर ढकलणाऱ्याला मामा म्हणतात, फरशी पुसणारीला मावशी म्हणतात. माणूस आजारी पडला की तिथे त्याला फुकटात आजोळ मिळतं. सरकारी भाषेत त्यांचा हुद्दा वॉर्डबॉय. पन्नाशी उलटली, टाळूवरचे केस गेले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, तरी बॉय. मी म्हणायचे, "मामा, तुमचं बरं आहे, सरकार तुम्हाला म्हातारं होऊच देत नाही." ते म्हणायचे, "वहिनी, तुम्हालाही लावून घेऊ का? तुम्हाला गरज आहे."

काम म्हणजे जिवंत माणसं वर न्यायची आणि मेलेली खाली. शवागार तळघरात. मामांची एक सवय होती, ती सगळ्या दवाखान्याला ठाऊक होती. स्ट्रेचर ढकलताना ते वरच्या माणसाला पुढचा रस्ता सांगत राहायचे. "आता वळण आहे हं. आता उतार. आता उंबरा येतोय, जरा धक्का बसेल." निजलेल्या माणसाला फक्त छत दिसतं, चाकाखाली काय येतंय ते दिसत नाही, त्याने तो घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. वर नेताना सांगायचे तसंच खाली नेतानाही. चादर डोक्यावरून ओढलेली असली तरी. नर्सा हसायच्या. मामा म्हणायचे, "जिभेला वळण लागलंय, मी तरी काय करू?"

आता त्या झोपेचं. तळघराचा बोळ हा दवाखान्यातला एकमेव गार भाग. रिकामी स्ट्रेचरं तिथेच भिंतीला लावून ठेवायची, आणि दुपारी रोग्यांची जेवणं आटोपली की वॉर्डबॉय लोक तिथे आळीपाळीने पाठ टेकायचे. माश्या फार, म्हणून चादर तोंडावरून. शेजारी शवागार, स्ट्रेचरवर चादरीखाली माणूस, तेव्हा घोटाळा व्हायचाच. म्हणून त्यांनी आपापसात एक नेम केला होता. झोपणाऱ्याने चपला स्ट्रेचरखाली काढून ठेवायच्या. कुणाला स्ट्रेचर हवं असलं की आधी वाकून खाली बघायचं. चपला आहेत, म्हणजे झोपलाय, हात लावू नका. चपला नाहीत, म्हणजे हा आता चपला घालायचा नाही. इतकी वर्षं या नेमाने एकदाही दगा दिला नव्हता. मोठ्या साहेबांना, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनाही तो माहीत असावा, पण माहीत नसण्याचा पगार त्यांना जास्त होता.

त्या दिवशी सकाळी वरच्या वॉर्डात एक तरणा मुलगा गेला. खिडक्यांना काचा बसवायचं काम करायचा. ताप आला, अंगावर काढला, आणि आणला तेव्हा ताप डोक्यात गेलेला. त्याची आई शर्टाच्या कारखान्यात काजं-बटणं करते. तिला निरोप गेला तो मशीनवर. ती उठली तशीच धावत आली, पायांत काही नाही, बोटात सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी तशीच. ती पोचली तेव्हा मामा मुलाला खाली नेत होते. ती स्ट्रेचरच्या कडेने चालली, मुलाचा हात हातात धरून. मामा सवयीने बोलत होते, "आता उतार आहे हं, बाळा. आता उंबरा. जरा धक्का बसेल."

नातेवाईक आले, सह्या झाल्या, मुलाला घेऊन जायला गाडी लागली. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. बाई अनवाणी निघाली. मामांनी आपल्या चपला काढून तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिला त्या होड्यांसारख्या झाल्या, पण घातल्या. मग मामा खाली गेले. सकाळपासून उभे होते, पाय भरून आले होते. स्ट्रेचरवर आडवे झाले आणि चादर तोंडावर घेतली. स्ट्रेचरखाली काही नव्हतं.

थोड्या वेळाने एक नवा माणूस आला. नवा म्हणजे पोरगा नव्हे, दुसऱ्या दवाखान्यातून बदलून आलेला, मामांच्याच वयाचा. चपलांचा नेम त्याला त्याच आठवड्यात शिकवला होता, आणि शहाण्या माणसासारखा तो त्याने पाळला. वाकून बघितलं. चपला नाहीत. बिचाऱ्याने स्ट्रेचर सरळ केलं आणि शवागाराकडे ढकललं.

त्याच वेळी एका रोग्याचा मेहुणा एक्स-रेची खोली शोधत चुकून तळघरात उतरला होता. छतातून पाणी गळताना त्याला दिसलं. तक्रार करायला बरं म्हणून तो फोनवर ते टिपत होता. टिपता टिपता त्याच्या फोनसमोरून चादर झाकलेलं स्ट्रेचर गेलं, 'शवागार' अशी पाटी असलेल्या दारापाशी पोचलं, उंबऱ्यावर आदळलं, आणि चादरीखालचा माणूस ताडकन उठून बसला.

मामा उठले ते ओरडतच उठले. काय ओरडले ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "अरे, उंबरा आला ते सांगायचं नाही का!" पण फोनमध्ये ते शब्द नाहीत. फोनमध्ये आहे फक्त मेहुण्याची किंकाळी, आणि मग छत, जिना, आणि त्याचेच धावणारे बूट. मामांचं तोंड चादरीत अर्धं गुंडाळलेलं, ओळखू येत नव्हतं.

पराचा कावळा कसा होतो ते मी आयुष्यभर बघत आले, थोडा हातभारही लावला असेल. पण हा कावळा उडाला कसा ते सांगते. मेहुण्याने ते दृश्य घरच्या मंडळींना पाठवलं, 'बघा, आपल्या माणसाला कुठे ठेवलंय' असं लिहून. तिथून ते आमच्या गल्लीतल्या 'ब्रेकिंग'कडे गेलं. ब्रेकिंग हे त्याचं आम्ही ठेवलेलं नाव. आधी फोनच्या फुटलेल्या काचा बदलायचा, मग फोनवर बातम्या द्यायला लागला. नळाला पाणी आलं नाही तर बातमी, आलं तर मोठी बातमी. त्याने लिहिलं, 'मेलेला माणूस जिवंत?' प्रश्नचिन्ह त्याने घातलं होतं, हे मी त्याच्या बाजूने सांगते. ते प्रश्नचिन्ह जिल्ह्याच्या पेपरात पोचेपर्यंत वाटेत गळून पडलं. राजधानीतल्या मोठ्या वाहिनीवर गेलं तेव्हा त्याच्या जागी तीन उद्गारचिन्हं लागली होती, मामांच्या डोक्याभोवती लाल गोल आला होता, आणि खाली पट्टी फिरत होती: 'जिवंत माणसाला शवागारात कोंबलं.' संध्याकाळी चौकटीत सहा माणसं बसली, त्यांतल्या एकानेही आमचा दवाखाना पाहिला नव्हता. विरोधी पक्षाचा माणूस म्हणाला की सरकारच मेलं आहे. सरकारी पक्षाचा माणूस म्हणाला की हा कट आहे. तिसऱ्याने विचारलं, "हा एक सापडला. न सापडलेले किती?"

त्या तिसऱ्याच्या प्रश्नाने घात केला. पण तेव्हा आम्हाला काय कळणार? आम्ही हसत होतो. मामा आमच्याकडे टीव्ही बघायला आले होते, स्वतःलाच उठताना बघत होते. आमचे हे म्हणाले, "मामा, स्वर्गात गर्दी होती का?" मी म्हटलं, "मिशा बघून परत पाठवलं असेल." मामीही हसून हसून बेजार. मामा म्हणाले, "हसा लेको. उद्या साहेब माझं काय करतो ते बघा."

साहेबांनी काय केलं ते मामींनी मला दुसऱ्या दिवशी गच्चीत कपडे वाळत घालताना सांगितलं. साहेबांपुढे पंचाईत होती. खरं बोलावं तर माणसं कामाच्या वेळेत प्रेतांच्या रांगेत झोपतात हे बाहेर येणार. गप्प बसावं तर जिवंत माणूस शवागारात ढकलल्याचा ठपका. दोन्ही बाजूंनी मरण. पण साहेब हुशार. त्यांनी तिसरीच वाट काढली. पत्रकारांना सांगून टाकलं की रोगी गाढ बेशुद्धीत होता, नाडी लागत नव्हती, पण शवागाराच्या दारात आमच्या सावध कर्मचाऱ्यांनी हालचाल ओळखली आणि प्राण वाचवले. रोग्याच्या घरच्यांची विनंती आहे, नाव विचारू नये.

झालं! सुंठीवाचून खोकला गेला. वाहिनीला चमत्कार मिळाला, दवाखान्याला शाबासकी मिळाली, आणि वाकून चपला शोधणाऱ्या त्या बदलून आलेल्या माणसाचा सावध कर्मचारी म्हणून फोटो छापून आला. मामांना साहेबांनी आत बोलावलं. "मामा, तोंड दिसत नाही तुमचं, नशीब समजा. आठवडाभर घरी बसा. निवृत्तीला किती राहिलं? चार वर्षं? मग चार वर्षं तोंड मिटा."

मामांनी तोंड मिटलं. मीही त्यांच्यासाठी मिटलं, आणि माझ्यासाठी ते किती अवघड आहे ते माझ्या घरच्यांना विचारा.

आठवडा संपायच्या आत ती बाई आली. दवाखान्यात मामा सापडले नाहीत म्हणून पत्ता विचारत विचारत. दुपारची वेळ, मी मामींच्याच दारात धान्य निवडत बसले होते. तिच्या हातात पिशवी, पिशवीत मामांच्या चपला, धुऊन पुसलेल्या. मामांनी तिला ओळखलं, आत बोलावलं. ती उंबऱ्यातच बसली.

"चपला द्यायला आले," ती म्हणाली. मामींनी पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"दादा, एक विचारू?"

"विचारा ना, ताई."

"त्याचा हात गरम होता."

मामा म्हणाले, "तापाचा हात होता तो. राहतो गरम. तास तास राहतो."

"डॉक्टरपण तेच म्हणाले. त्या दुसऱ्यालासुद्धा डॉक्टरच म्हणाले असतील ना, गेला म्हणून?"

मामांना कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं, आणि हातातलं सूप मी खाली ठेवलं.

"त्या दुसऱ्याला दारात धक्का बसला म्हणून तो उठला," बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, बटणं मोजावीत तशी ती एकेक गोष्ट ठेवत होती. "माझ्या मुलाला तुम्ही सांभाळून नेलंत. त्याला धक्का बसला नाही. बसला असता तर?"

"ताई, तो गेलेला होता. मी अशी शेकडो माणसं—"

"मग तुम्ही त्याच्याशी बोलत का होतात?"

मामांनी मामींकडे बघितलं.

"मी शेजारी होते. तुम्ही म्हणालात, 'बाळा, उंबरा आहे, धक्का बसेल.' मेलेल्याला कुणी असं सांगतं का, दादा? तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला दिसलं होतं काहीतरी."

मामांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी वर्षं ज्या सवयीला सगळे हसत आले, ती आता त्यांच्याच गळ्यात पडली होती. ते म्हणाले, "मी सगळ्यांशी बोलतो, ताई. सवय आहे." स्वतःलाच ते किती तोकडं वाटलं असेल!

"आम्ही त्याला घेऊन गेलो तेव्हा मी मोठमोठ्याने रडत होते," ती म्हणाली. "त्याने हाक मारली असेल तर मला ऐकू आली नसेल."

त्यावर मामींनी तोंडाला हात लावला. मामा उठले, तिला आत घेऊन दार लोटलं, पण मी बाहेर दाराशीच होते, मला सगळं ऐकू आलं. त्यांनी तिला खरं सांगितलं. तो रोगी नव्हता, मी होतो, मी झोपलो होतो, माझ्या चपला तुमच्या पायांत होत्या म्हणून घोटाळा झाला. साहेबांनी सांगितलेली गोष्ट खोटी.

बाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला माझी दया येते म्हणून सांगताय. टीव्हीवर सगळे एक सांगतात, तुम्ही एकटे दुसरं सांगता." चपला मात्र तिने व्यवस्थित जोडीने दाराशी लावून ठेवल्या आणि गेली.

त्या रात्री भिंतीपलीकडे चमचा वाजला नाही.

सकाळी मामी माझ्याकडे आल्या. "वहिनी, समजवा ना यांना. म्हणतात, टीव्हीवरच सांगतो. टीव्हीवर ऐकलं तरच तिला पटेल. अहो, चार वर्षं राहिलीत! ही खोली दवाखान्याच्या पगारावर चालते." मी गेले, समजावलं. माझ्या परीने चेष्टा करून बघितली. "मामा, मेलेला माणूस बोलला तर लोक घाबरतात. गप्प पडून राहा." ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, ती झोपत नाही म्हणाली. आडवी झाली की तिला वाटतं, तो चादरीखाली जिवंतच आडवा आहे. मी तोंड मिटून चार वर्षं काढीन हो. पण ती काय काढील?"

मामींनी भांडी आपटली, बोलणं टाकलं, शेवटी त्यांचा धुतलेला शर्ट इस्त्री करून दिला.

ब्रेकिंग आला तो नवी टोपी घालून. मामांच्या खोलीत उजेड कमी म्हणून बैठक आमच्याकडे मांडली. मामा खुर्चीत बसून बोलले, सरळ, न अडखळता. मी वॉर्डबॉय आहे. ते स्ट्रेचरवरचं माणूस मी. मी झोपलो होतो. त्या दिवशी कुणीही जिवंत माणूस शवागारात गेला नाही. ज्यांच्या घरचं माणूस त्या आठवड्यात गेलं त्यांनी मनात काही आणू नये. चूक माझी आहे.

ब्रेकिंग म्हणाला, "मामा, एक नंबर. पण हे कुणी शेवटपर्यंत बघणार नाही. जरा करून दाखवता का? काकू, चादर आहे का एखादी?"

मी म्हटलं, "अरे मेल्या, नाटक आहे का हे?"

"काकू, डोळ्यांनी बघितलं की पटतं. त्या बाईंनाही पटेल."

त्या बाईचं नाव काढल्यावर मामा उठले आणि आमच्या पलंगावर आडवे झाले. मी पांढरी चादर दिली. त्यांनी ती तोंडावरून ओढली. आमचे हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग ब्रेकिंगने पलंगाला गुडघ्याने धक्का दिला, आणि मामा ताडकन उठून बसले, त्या दिवशी उठले तसेच, मान तशीच वाकडी, हात तसेच वर. आंधळ्यालाही कळलं असतं की माणूस तोच.

आंधळ्याला कळलं असतं, देशाला कळलं नाही. ब्रेकिंगने इमानदारीत सगळं टाकलं. मोठ्या वाहिनीने त्यातलं बोलणं कापलं आणि उठणं ठेवलं. एका बाजूला तळघरातला माणूस उठतोय, दुसऱ्या बाजूला आमच्या पलंगावर मामा उठतायत, मागे माझी फुलाफुलांची उशी. खाली पट्टी: 'बनाव उघड! गरीब कर्मचाऱ्याला मेलेल्याचं नाटक शिकवलं.' तीच सहा माणसं पुन्हा बसली. एकजण म्हणाला, "बघा, पलंगाला धक्का देणारा पाय दिसतोय. हा कुणाचा पाय? सरकारचा पाय!" ब्रेकिंग बिचारा त्या पायामुळे दोन दिवस गल्लीत दिसला नाही. तो तिसरा मात्र शांतपणे म्हणाला, "लपवायला एवढी धडपड चालली आहे, म्हणजे न सापडलेले बरेच असले पाहिजेत."

मामांनी आमचा टीव्ही बंद केला. दुसऱ्याच्या घरचा टीव्ही त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता बंद केला.

साहेबांनी त्यांना बोलावलंसुद्धा नाही. कामाच्या वेळेत झोपणे आणि संस्थेची बदनामी करणे, या दोन कारणांवरून नोकरी गेली. गंमत बघा, मामा झोपले होते हे अख्ख्या देशात फक्त दवाखान्याने मान्य केलं, तेही त्यांना काढून टाकण्यापुरतं. बाहेर साहेब बेशुद्ध रोग्याचीच गोष्ट सांगत राहिले. चौकशी समिती बसली, अजून बसलेली असेल, उठल्याचं ऐकिवात नाही. त्याच आठवड्यात एका नटाने लग्न मोडलं आणि सगळ्या वाहिन्या तिकडे धावल्या. आमच्या दवाखान्याकडे कुणी फिरकलं नाही. छत अजून गळतं.

मामा आता फर्निचरच्या दुकानात कपाटं चढवतात. रस्त्यात लोक एकमेकांना कोपर मारून त्यांना दाखवतात. कुणाला ते मेलेले, कुणाला सरकारने विकत घेतलेले. भाजीवाली त्यांच्याकडून सुटे पैसे हातात घेत नाही, पाटीवर ठेवा म्हणते. मामी मुलीकडे महिनाभर राहून आल्या. परत आल्यावर बोलायला लागल्या, पण पूर्वीच्या भांडणातला रंग गेला. त्या भांडणांवर माझ्या कित्येक दुपारी गेल्या होत्या, आता भिंत मुकी.

आणि ती बाई येते. कारखान्यातून सुटली की येते, रोज नाही, पण चुकून दोन दिवस गेले तर मामाच गॅलरीत येऊन रस्त्याकडे बघतात. ती आरडाओरडा करत नाही, शाप देत नाही. दाराशी बसते आणि विचारते. हात गरम का होता? तुम्ही त्याला बाळा का म्हणालात? ओठ हलले का? तुम्ही नीट बघितलंत का? मामा तेच सांगतात, त्याच क्रमाने, कंटाळा न करता. ताप होता म्हणून. सगळ्यांनाच म्हणतो. नाही हलले. नीट बघितलं, माझ्या डोळ्यांनी, दोनदा. ती मान डोलावते, आणि वाटतं की आज पटलं. मग पायऱ्या उतरता उतरता थांबते, वर बघते आणि म्हणते, "पण तुम्ही टीव्हीवरसुद्धा सरकारच्या सांगण्यावरूनच बोललात ना?"

एकदा मामांनी तिला त्या बदलून आलेल्या माणसाकडे नेलं, साक्षीला. तो दारातून म्हणाला, "मला यात पाडू नका, माझा फोटो आलाय पेपरात," आणि कडी लावली. कडी लावल्याचा आवाज बाईने ऐकला. तो तिने आपल्या पुराव्यांत ठेवून दिला, गरम हाताच्या शेजारी.

परवा ती गेल्यावर मामा कठड्याला टेकून उभे होते. कपाटं उचलून खांदा सुजलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, पुरे झालं आता. नोकरी गेली, नाव गेलं, तिला काही पटायचं नाही. उद्यापासून दार लावून घ्या. ती आली तर मी सांगते, गावाला गेले म्हणून. खोटं बोलायला मला कष्ट पडत नाहीत."

मामा म्हणाले, "वहिनी, टीव्हीवाल्यांनी एकदाच सांगितलं आणि अख्ख्या देशाला पटलं. मी इतके महिने सांगतोय, एका बाईला पटत नाही. म्हणजे माझंच सांगणं कमी पडतंय. आणि दार लावायचंच असेल तर तुमचं लावा, टीव्हीचा आवाज फार येतो इकडे."